तिसरं गाणं, बाजू ब

पार्सल आलं तेव्हा मी कांड्या भरत होतो.
पोस्टमन म्हणाला, काय काका, परदेशातनं ताट मागवलाव का?
ताटच वाटलं. काळं, जड,
आणि वेष्टनावर आमचा चौऱ्याऐंशीचा फोटो:
निर्मला, रफीक, शंकर बोधूल, धाकटा चिलवेरी,
पाण्याच्या टाकीखाली उभे,
चौघांच्याही केसांना खोबरेल.
उजव्या कडेला एक कोपर आहे.
ते माझं.

'तिसरी पाळी' हे नाव मी ठेवलेलं,
कारण सरावाला वेळ मिळायचा तो रात्री बारानंतर,
अण्णाच्या शेडात, पाठीशी आठ माग चालू.
आता म्हणे लंडनात पोरं ते नाव छातीवर घालून फिरतात.
उच्चार येत नाही त्यांना,
पण बनियनला कुठं उच्चार लागतो.

मी का गेलो नाही?
तिकिटं चारच आली होती,
आणि सुताचं देणं पाचव्याच्या नावावर होतं.
एवढंच. जास्त विचारू नका.

कॅसेट भरली ती मी.
मशीन रफीकच्या मामाचं, सहा सेलवरचं,
माईक एकच, सुतळीनं तुळईला टांगलेला.
निर्मला हजार विड्या वळून यायची,
बोटांना तंबाखूचा वास
आणि पहिल्या ओळीआधी नेमानं एक खोकला.
तो खोकला त्यांनी काढलाय.
माझे आकडे काढलेत, ओकटी, रेंडू, मूडू,
ज्यांच्यावर सगळे एकदम उडी घ्यायचे.
आणि माग काढलेत.
आठच्या आठ.

आतल्या पुस्तिकेतलं जावयानं वाचून दाखवलं:
मूळ फितीवरचा यंत्रांचा गोंगाट मोठ्या कष्टानं दूर केला आहे.
कष्टानं!
तो गोंगाट उभा करायला माझा आजा
करीमनगरहून पायी आला होता.

तक्रार नाही. आवाज चांगला निघालाय,
धुऊन वाळत घातल्यासारखा.
थोडा रंग गेलाय.
सोलापुरी चादर असती तर गेला नसता.

पण तिसरं गाणं, बाजू ब.

दुसऱ्या कडव्यात त्या रात्री लाईट गेली.
सेलवर मशीन फिरतच राहिलं.
आठ माग एका दमात गप्प,
गिटार मेलं,
आणि निर्मला थांबली नाही.
अंधारात चार ओळी ती एकटी गायली.
दोन वर्षं रोज ऐकत होतो आम्ही तिला,
आणि त्या रात्री पहिल्यांदा ऐकली.
शंकर तेलुगूत काहीतरी पुटपुटला,
देवाचं नाव असेल, नाहीतर शिवी.

ताटावर त्या चारही ओळी आहेत.
शांतता नाही.
म्हणजे आहे, पण पहिल्यापासूनच आहे,
मध्येच येत नाही.

काल भद्रावती पेठेतल्या सादूलकडनं
ताट वाजवायचं मशीन आणलं,
नातवाच्या स्पीकरला जोडलं
आणि शेडात नेलं.
आता तिथं टॉवेल निघतात. माग चारच,
पण नवे, पळणारे,
गाण्याच्या ठेक्याला कुठंच बसेनात.
मुनीर आणि ती नवी पोरगी बघत राहिले,
म्हातारं काय करलालंय म्हणून.

बाजू अ झाली. उलटवली.
पहिलं गाणं, दुसरं गाणं.
मी मेन स्विचजवळ जाऊन उभा राहिलो.
लोखंडी दांडा उन्हानं तापलेला,
चव्वेचाळीस होतं बाहेर.
पहिलं कडवं. धाकट्याचं ढोलक.
दुसरं कडवं, पहिली ओळ.

ओठांत म्हटलं, ओकटी,
रेंडू,

(स्पीकर बॅटरीवरचा, मशीनलाही सेल घातलेले. विसरलो नव्हतो.)

दांडा खाली ओढला.

चार ओळींनंतर मुनीरनं विचारलं,
काका, करंट गेला का?
गेला, म्हटलं.
येईल. बस जरा.